जेठालालचा वेश घेऊन स्टेजवर गेलं तर खरंच नोटीस येते का?

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे तान्हा पोळा. गोंदिया, भंडारा, नागपूर या सगळ्या पट्ट्यात हा दिवस पोरांचा. लाकडाचा नंदी सजवायचा, तो ओढत मैदानात न्यायचा, तोरणाखाली रांगेत उभं राहायचं आणि मग घरोघरी फिरून बोजारा गोळा करायचा. चांगल्या सजवलेल्या नंदीला बक्षीस असतं आणि बऱ्याच ठिकाणी नंदी आणणाऱ्या पोराच्या वेशभूषेलाही असतं.

रांगेत शेतकरी असतो, झाशीची राणी असते, बाल शिवाजी असतो. आता समजा त्याच रांगेत एक पोरगा भडक छापाचा शर्ट घालून, पोटाला उशी बांधून आणि काजळाने आखूड मिशी काढून आला. परीक्षकांनी "बाळा, तू कोण झालास?" असं विचारायच्या आतच अख्खं मैदान ओरडतं, "जेठालाल!"

व्हिडिओ निघतो, घरच्या ग्रुपवर जातो, कौतुक होतं. आणि मग कुणीतरी काका लिहितात, "पब्लिकली टाकू नका, कोर्टाने जेठालालवर बंदी आणली आहे. नोटीस येते."

खरंच येते का? काकांचं पूर्ण चुकलंय असं नाही, कारण कोर्टाचा आदेश खरा आहे. पण तो कुणासाठी आहे आणि कशासाठी आहे, हे बहुतेकांनी वाचलेलं नसतं. म्हणून हा विषय जरा मुळापासून बघू. लाडक्या विनोदी पात्राचा वेश घेण्याचं हे वेड कुठून आलं, त्यात सिटकॉमचीच पात्रं का चालतात, आणि मंडळाने, शाळेने किंवा आईबापांनी नेमकी कोणती काळजी घ्यायची.

हे वेड फक्त आपल्याकडचं नाही

आवडत्या पात्राचे कपडे घालून कार्यक्रमाला जायचं, याला आज जगभर कॉस्प्ले म्हणतात. हा शब्द जपानमध्ये १९८० च्या दशकात रुळला. प्रथा त्याहून जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यातल्या माणसांचे कपडे घालून गेले होते. ते कपडे मर्टलबाईंनी शिवले होते. आज मुंबई-पुण्याच्या कॉमिक कॉनमध्ये सुपरहिरो बनून फिरणारी पोरं दिसतात, ती याच प्रथेतली. भारतातलं पहिलं कॉमिक कॉन २०११ साली दिल्लीत भरलं.

पण सुपरहिरो होणं वेगळं आणि सिटकॉमचं पात्र होणं वेगळं. सिटकॉम म्हणजे ठरलेली माणसं, ठरलेलं घर आणि दर भागात नवा गोंधळ असणारी विनोदी मालिका. या प्रकारातलं एक मोठं नाव म्हणजे अमेरिकेतली 'आय लव्ह लुसी'. १९५१ साली ती सुरू झाली. ल्युसिल बॉल या अभिनेत्रीने रंगवलेली लुसी म्हणजे सतत काहीतरी उपद्व्याप करून फसणारी गृहिणी.

या अभिनेत्रीचं जन्मगाव न्यूयॉर्क राज्यातलं जेम्सटाउन. २०११ साली तिच्या जन्मशताब्दीला तिथे ९०० हून जास्त माणसं लुसी बनून एकत्र आली होती. ठिपक्यांचा फ्रॉक, लाल केस आणि लाल लिपस्टिक. यात गंमत अशी की ती मालिका कृष्णधवल होती. प्रेक्षकांनी पडद्यावर लुसीचे लाल केस कधी बघितलेच नव्हते. तरी चाहत्यांनी लाल केसच लावले, कारण त्यांच्या मनातली लुसी तशी होती.

आपल्या देशातलं असंच उदाहरण गुजरातमध्ये आहे. कच्छमध्ये गांधीधामजवळ आदिपूर नावाचं गाव आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांनी वसवलेलं. १९६६ साली तिथला अशोक आसवानी नावाचा तरुण टायपिस्ट कामावर जाताना 'द गोल्ड रश' सिनेमाच्या पोस्टरपाशी थबकला आणि थेटरात शिरला. चार्ली चॅप्लिनने त्याला असा काही धरून ठेवला की त्याने एकामागून एक खेळ बघितले आणि नोकरी घालवली. पुढे १९७३ साली त्याने गावात चार्ली सर्कल नावाचं मंडळ काढलं. तेव्हापासून १६ एप्रिलला, म्हणजे चॅप्लिनच्या वाढदिवसाला, आदिपूरमध्ये लहानथोर काळी टोपी, ढगळ पँट आणि छडी घेऊन मिरवणूक काढतात.

चॅप्लिन १९७७ साली गेला. आदिपूरचे चार्ली मात्र दरवर्षी निघतात.

झाडीपट्टीला वेश नवा नाही

आता गोंदियाकडे येऊ. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आणि जंगलाचा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या या झाडीच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. इथे माणसाने दुसऱ्याचा वेश घेऊन गावापुढे उभं राहणं ही फार जुनी गोष्ट आहे.

दंडार घ्या. पुरुषच स्त्रीचा वेश घेऊन नाचतात, गातात, सोंग काढतात. खडी गंमत घ्या. तिथेही तेच, पुरुषच साडी नेसून नाच्या होतो आणि शाहिराला जाब विचारतो. गावात येणारा बहुरूपी आठवा. कधी पोलीस, कधी वकील, कधी साहेब बनून तो दारात उभा राहायचा, चार मिनिटं सगळ्यांना गोंधळात टाकायचा आणि मग हसवून धान्य किंवा पैसे घेऊन जायचा.

दिवाळीत भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, पाव्हणे, मिठाई आणि रात्री दंडार किंवा नाटक. पुढे होळीपर्यंत झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम चालतो. नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटे संपतं. गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या नाटक कंपन्यांचं मोठं केंद्र, आणि गोंदियाचा अर्जुनी मोरगाव तालुका तिथून जवळच. याच रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

या नाटकांमध्ये कथा कितीही रडकी असली तरी एक विनोदी पात्र लागतंच. ते विंगेतून नुसतं बाहेर आलं तरी शिट्ट्या पडतात, आणि त्यात निम्मं काम कपड्यांचं असतं. एका पायाची वर खोचलेली पँट, उलटी टोपी, गळ्यात मफलर. प्रेक्षकाला कळतं, आता हसायचं आहे.

थोडक्यात, जेठालाल बनून आलेला पोरगा अमेरिकेची किंवा जपानची नक्कल करत नाही. सोंग काढायची सवय इथलीच आहे, फक्त सोंग बदललंय.

सिटकॉमचंच पात्र का?

सिनेमाचा हिरो तीन तासांत वीस कपडे बदलतो. सिटकॉमचं पात्र वर्षानुवर्षं जवळपास त्याच वेशात दिसतं. पोपटलाल म्हटलं की छत्री. बापूजी म्हटलं की धोतर, टोपी आणि काठी. भिडे मास्तर म्हटलं की शिकवणी आणि 'सखाराम' नावाची जुनी स्कूटर. डोळे मिटून नाव घेतलं तरी सावली दिसते. वेशभूषा स्पर्धेत हेच लागतं. दुरून, दोन सेकंदांत, मागच्या रांगेतल्या आजीलाही कळलं पाहिजे की हा कोण.

दुसरं कारण खर्चाचं. सुपरहिरोचा पोशाख विकत घ्यावा लागतो किंवा भाड्याने आणावा लागतो. सिटकॉमच्या माणसाचे कपडे घरात सापडतात. आजोबांचं धोतर, बाबांचा लग्नातला शर्ट, कोपऱ्यातली काळी छत्री. कारण ही पात्रं मुळात आपल्यासारख्याच घरांतून उचललेली असतात.

वेश किती काम करतो याचा एक पुरावा खुद्द मालिकेतच आहे. 'तारक मेहता का उल्टा चश्मा'मध्ये बापूजी झालेले अमित भट्ट हे जेठालाल झालेल्या दिलीप जोशींपेक्षा वयाने लहान आहेत. धोतर, टोपी, चष्मा आणि वाकून चालणं एवढ्यावर ते पोराचे बाप झाले आणि लोकांनी ते कधीच मान्य करून टाकलं.

मराठीत असं पहिलं मोठं पात्र म्हणजे चिमणराव. चिं. वि. जोशींनी पुस्तकात उभं केलं, १९४० साली 'लग्न पहावं करून' सिनेमात दामूअण्णा मालवणकरांनी रंगवलं आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीला मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. त्या पिढीला कोट, टोपी आणि भेदरलेला चेहरा दिसला की चिमणराव आठवायचे. पण तेव्हा टीव्ही म्हणजे प्रामुख्याने मुंबई-पुण्याकडची गोष्ट. शिवाय त्या काळी टेप महाग होत्या, एका कार्यक्रमावर दुसरा कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा आणि दूरदर्शनचं बरंच जुनं काम त्यात पुसलं गेलं. आजच्या पोराला चिमणराव व्हायचं असेल तर आधी चिमणराव कोण हे कुणीतरी सांगावं लागतं. जेठालालचं तसं नाही.

गोंदियात जेठालाल का जवळचा वाटतो?

'तारक मेहता' ही मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली आणि तिचे ४,००० हून जास्त भाग झाले. मूळ लेखन गुजराती लेखक तारक मेहता यांचं. 'चित्रलेखा' साप्ताहिकात १९७१ पासून त्यांचं सदर यायचं.

मालिकेतली गोकुळधाम सोसायटी मुंबईतल्या गोरेगावची, सेट तिथल्याच फिल्मसिटीतला. योगायोग म्हणजे गोंदिया जिल्ह्यातही एक गोरेगाव आहे, आठ तालुक्यांपैकी एक. या गोरेगावहून त्या गोरेगावला जायचं तर गोंदियाला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसून रात्र काढावी लागते. तरी गोकुळधाम इथल्या लोकांना परकं वाटत नाही.

याचं कारण गोंदियाच्या बाजारात आहे. एका बाजूला मध्य प्रदेशातलं बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. दुकानात हिंदी, घरात मराठी किंवा झाडीबोली किंवा पोवारी, आणि बाजारपेठेत गुजराती, मारवाडी, सिंधी व्यापारी पिढ्यानपिढ्या स्थायिक झालेले. गुजराती दुकानदार आणि मराठी मास्तर यांची रोजची तू-तू मैं-मैं आणि संकट आलं की दोघांचं एकत्र उभं राहणं, ही जेठालाल-भिडेंची गोष्ट या शहराला टीव्हीवर बघायची गरज नव्हती. ती त्याने आधीच बघितलेली होती.

म्हणूनच इथलं पोरगं जेठालाल होतं तेव्हा लोक नटाची नक्कल बघत नाहीत. त्यांना ओळखीचा माणूस दिसतो.

मग कोर्टाने काय म्हटलं?

आता काकांच्या मेसेजकडे.

मालिकेच्या निर्मात्यांनी, म्हणजे नीला फिल्म प्रॉडक्शन्सने, दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. मालिकेचं नाव, पात्रं आणि त्यांची ओळख वापरून अनेक वेबसाइट माल विकत होत्या, काही यूट्यूब चॅनल व्हिडिओ चालवत होते, आणि एआय वापरून बनवलेले खोटे फोटो, डीपफेक आणि अश्लील मजकूरही फिरत होता. १४ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला आणि अशा वापराला मनाई केली. हा आदेश माहीत असलेल्या आणि अनोळखी अशा दोन्ही प्रकारच्या लोकांविरुद्ध आहे. म्हणूनच तो ऐकल्यावर सगळ्यांनाच धडकी भरते.

पण मुद्दा नीट बघा. तक्रारीच्या मुळाशी पोरांची वेशभूषा स्पर्धा नव्हती. कुणीतरी परवानगी न घेता पात्राच्या नावावर धंदा करतोय किंवा त्या पात्राची बेअब्रू करतोय, ही तक्रार होती. ट्रेडमार्कचा कायदाही व्यापारातल्या वापराबद्दल बोलतो. तान्ह्या पोळ्यात नंदी ओढणारा पोरगा व्यापार करत नाही.

कोर्टं हा फरक कसा करतात याचं चांगलं उदाहरण जॅकी श्रॉफ यांच्या प्रकरणात दिसतं. मे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचं नाव, आवाज, फोटो आणि चक्क 'भिडू' या शब्दाशी जोडलेली त्यांची ओळख विनापरवाना धंद्यासाठी वापरायला मनाई केली. त्याच वेळी एका यूट्यूबरने त्यांच्या मुलाखतींचे तुकडे जोडून केलेला गमतीचा व्हिडिओ मात्र लगेच काढायला लावला नाही. ही कलात्मक अभिव्यक्ती असू शकते, आधी त्याचं म्हणणं ऐकू, अशी भूमिका घेतली. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांना असाच आदेश मिळाला होता आणि त्यात 'झकास' होतं. याचा अर्थ तुम्ही नाक्यावर झकास किंवा भिडू म्हणायचं नाही असा होत नाही. त्या नटाच्या ओळखीवर आपला माल विकायचा नाही, असा होतो.

पात्रावर कुणाची मालकी असू शकते का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातही आला आहे. 'दबंग'मधल्या चुलबुल पांडेवरून झालेल्या वादात २०१६ साली न्यायालयाने तत्त्व म्हणून मान्य केलं की एखादं पात्र पुरेसं ठसठशीत आणि वेगळं असेल तर त्याला संरक्षण मिळू शकतं. त्या प्रकरणात समोरच्या सिनेमाला स्थगिती मात्र दिली नाही. हा वादही दोन सिनेमावाल्यांमधला होता, चाहत्याशी नव्हता.

शाळा, मंडळ, मंडई: कुठे काय चालतं?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. नुसता वेश घेऊन चालत जाणं ही एक गोष्ट. मालिकेतला प्रसंग संवादांसकट सादर करणं ही दुसरी.

पहिल्यात फारसा प्रश्न नाही. धोतर, छत्री, छापील शर्ट यावर कुणाची मालकी नसते.

दुसऱ्यासाठी कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ५२ कामाला येतं. कोणता वापर उल्लंघन धरला जात नाही, याची यादी त्यात आहे. आपल्या कामाच्या गोष्टी तीन:

- शाळा-कॉलेजच्या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षकांनी एखादी साहित्यकृती, नाटक किंवा गाणं सादर केलं आणि प्रेक्षक म्हणजे शाळेतलेच लोक, पालक आणि संबंधित माणसं असतील, तर ते चालतं. स्नेहसंमेलन यात बसतं.

- हौशी मंडळाने तिकीट न लावता, पैसे न घेता कार्यक्रम केला किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला, तर तेही चालतं.

- खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात झालेलं सादरीकरण आणि लग्नाची वरात यांनाही सूट आहे.

तिकीट लावलं, एखाद्या दुकानाने जाहिरातीसाठी 'जेठालाल' उभा केला, मंडळाच्या टी-शर्टवर पात्रांचे चेहरे छापून विकले, किंवा मोबाइलच्या दुकानाला गडा इलेक्ट्रॉनिक्स असं नाव दिलं, की ही सूट संपते. तिथे परवानगी लागते आणि तिथे वकिलाला विचारलेलं बरं. ज्यांचा धंदाच वाढदिवसाला पात्र बनून जाण्याचा आहे, त्यांनी तर विचारूनच पाऊल टाकावं.

रीलचं काय? बहुतेक वेळा अडचण वेशामुळे येत नाही, मागच्या गाण्यामुळे येते. मालिकेचं शीर्षकगीत लावलंत की प्लॅटफॉर्म आपोआप आवाज बंद करू शकतो किंवा हक्कदाराचा दावा येऊ शकतो. ही कोर्टाची नोटीस नसते, पण काकांच्या ग्रुपवर ती 'नोटीस आली' अशीच फिरते. मैदानातला खरा आवाज ठेवा. पोरांचा गोंगाट कुठल्याही शीर्षकगीतापेक्षा बरा वाटतो.

आणखी एक. वर्दी. २००६ ते २०१५ चाललेल्या 'एफ.आय.आर.' मालिकेतली चंद्रमुखी चौटाला अनेक मुलींनी केली आहे, आणि 'तारक मेहता'त इन्स्पेक्टर चालू पांडे आहेच. सरकारी नोकराची वर्दी फसवणुकीच्या हेतूने घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ नुसार गुन्हा आहे. स्टेजवरच्या सोंगात तो हेतू नसतो. पण कार्यक्रम संपल्यावर त्याच वर्दीत मोटरसायकल काढून चौकात गाड्या अडवायची गंमत मोठ्या माणसांनी करू नये. ती गंमत राहत नाही.

कायद्यात नसलेली, पण जास्त महत्त्वाची गोष्ट

नोटीस येण्याची भीती आपल्याला लगेच वाटते. एका दुसऱ्या गोष्टीची वाटायला हवी ती वाटत नाही.

या मालिकेत अय्यर नावाचे शास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या सावळ्या रंगावरून जेठालाल टोमणे मारतो. अय्यर व्हायचं म्हणून एखाद्या पोराच्या तोंडाला काळं फासून त्याला स्टेजवर उभं केलं, तर लोक हसतात. पण खाली बसलेल्या सावळ्या पोरीला त्या हसण्याचा अर्थ बरोबर कळतो. अय्यर ओळखू यायला पांढरी लुंगी आणि कपाळावरचं गंध पुरतं. रंग लावायची गरजच नाही.

तेच जाडेपणाचं. जेठालालला पोट आहे, म्हणून वर्गातल्या जाड पोरालाच "तूच हो जेठालाल" म्हणणं हे कौतुक नाही. त्याला पोपटलाल व्हायचं असू शकतं. तेच 'दया'चं. मुलगा दया होत असेल तर होऊ द्या. दंडारीत आणि खडी गंमतीत पुरुषांनी शेकडो रात्री स्त्रीचा वेश घेतला तो बाईची टर उडवायला नव्हे, तिची बाजू रंगवायला. जो ही परंपरा सांगतो त्याने पोराला "बायल्या" म्हणून चिडवायचं नसतं.

परीक्षकांसाठीही एक सूचना. विकतचा पोशाख बघून गुण देऊ नका. भाड्याचा सूट घालून गप्प उभ्या राहिलेल्या पोरापेक्षा आजोबांची छत्री घेऊन "कॅन्सल, कॅन्सल" म्हणत पळणारा पोपटलाल जास्त कष्ट करून आलेला असतो. वेशभूषा ही पैशाची स्पर्धा झाली की धानाच्या हंगामावर घर चालवणाऱ्या आईबापांचं पोरगं पुढच्या वर्षी रांगेत दिसत नाही.

आणि फोटो टाकताना दुसऱ्याच्या पोराचा चेहरा दिसत असेल तर त्याच्या आईबापांना विचारा. शाळेचं नाव, वर्ग, घरचा पत्ता कॅप्शनमध्ये लिहू नका. ही काळजी जेठालालच्या हक्कांपेक्षा आधी.

तर, नोटीस येते का?

तान्ह्या पोळ्यात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये किंवा फुकट बघायला मिळणाऱ्या मंडळाच्या कार्यक्रमात आवडीने वेश घेतला, तर घाबरण्यासारखं काही नाही. त्या पात्राच्या नावावर पैसे कमवायला गेलात, खोटे फोटो-व्हिडिओ बनवलेत किंवा त्याची बदनामी केलीत, तर नोटीस येऊ शकते आणि यायलाही हवी. काकांना एवढं सांगितलं तरी पुरे.

जाता जाता एक गोष्ट. दया झालेल्या दिशा वकानी २०१७ साली बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्या मालिकेत परतल्या नाहीत. मालिका आजही त्यांच्याशिवाय चालते. पण नवरात्रात कुणी पोरगी हात हलवत, मान वेळावत वेगळाच गरबा धरते आणि बाजूच्या बायका म्हणतात, "बघ, दया आली." नटी गेली तरी दया गेली नाही, कारण कुणीतरी ती अजून करतंय.

चिमणरावांच्या बाबतीत हे होऊ शकतं. या वर्षी आजोबांच्या जुन्या पेटीतला कोट आणि काळी टोपी निघाली, तर एखाद्या पोराला घालून बघा. तो कोण झालाय हे मैदानात कुणी ओळखलं नाही तरी हरकत नाही. "मी चिमणराव" असं त्याने सांगितलं की तोरणाखाली उभ्या असलेल्या दहा पोरांना एक नवं नाव कळेल, आणि त्यातला एखादा घरी जाऊन विचारेल, हा चिमणराव कोण होता.